काकू म्हणते काही नको, मग पंचाहत्तरीला द्यायचं काय?

पत्र:

ताई, माझी मोठी काकू दोन महिन्यांनी ७५ वर्षांची होतीये. आई-बाबा दोघंही नोकरीला, त्यामुळे मी आणि माझा धाकटा भाऊ काकूच्याच हाताखाली वाढलो. ती शिवणकाम करायची, शाळेतून आलो की तिच्या मशीनच्या बाजूला बसून आमचा अभ्यास चालायचा. काका गेल्यापासून ती एकटी राहते. आम्ही भावंडं मिळून काहीतरी छान द्यायचं म्हणतोय पण एकमत होत नाहीये. दादाला (काकूचा मुलगा) स्मार्टवॉच द्यायचंय, म्हणजे ती पडली-बिडली तर लगेच कळेल. तिची मुलगी सरप्राईज पार्टी आणि मोठ्या स्क्रीनवर व्हिडिओ म्हणतीये. मला फोटोंचा अल्बम करावासा वाटतोय. काकूला विचारलं तर म्हणते मला काही नको, ठेवायला जागा नाही, तुम्ही सगळे या म्हणजे झालं. त्यात सगळ्यांचं बजेट सारखं नाही, धाकट्याची नोकरी नुकतीच गेलीये, त्याला फार अवघडल्यासारखं होतंय. तिच्यासाठी खरंच काहीतरी अर्थ असलेलं द्यायचंय, काय द्यावं?

उत्तर:

काकू शिवायची असं तू लिहिलंयस, पण आता शिवते की नाही ते काहीच लिहिलं नाहीस, आणि मला तुला सगळ्यात आधी तेच विचारायचंय. शिवत नसेल तर कधीपासून आणि का? कारण माझ्या मते तिच्या गिफ्टचं उत्तर तिथे आहे, घड्याळात पण नाही आणि पार्टीत पण नाही.

वयस्कर माणसाला गिफ्ट शोधताना आपण बहुतेक वेळा "तिच्याकडे काय नाहीये" असा विचार करतो, आणि ७५ वर्षांच्या बाईकडे जे नाही ते बहुतेक तिला नकोच असतं म्हणून नसतं. त्यापेक्षा तिच्या हातून काय सुटत चाललंय ते बघावं. आवडीची गोष्ट एकदम एका दिवशी कोणी सोडत नाही गं, आधी बारीक काम बंद होतं, मग संध्याकाळचं बंद होतं, मग मशीनवर कव्हर पडतं आणि त्यावर कोणीतरी कपड्यांचा ढीग ठेवतं, आणि घरातल्या कोणाच्या लक्षातही येत नाही की हिने शिवणं सोडलं.

कारण डोळ्यांचं असेल तर ते समजून घे, कारण त्यावर बरंच काही करता येतं. वय वाढतं तशी डोळ्याची बाहुली लहान होत जाते आणि आतलं भिंग जाड आणि पिवळट होतं, त्यामुळे विशीतल्या माणसाच्या डोळ्यात आतल्या पडद्यापर्यंत जेवढा प्रकाश पोचतो त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीला पोचतो. म्हणजे तुला जी खोली लख्ख वाटते ती काकूला संध्याकाळसारखी वाटत असणार. पिवळट भिंगामुळे निळे रंग पण मंद दिसतात, त्यामुळे गडद निळा दोरा आणि काळा दोरा यातला फरक कळत नाही, शिवणाऱ्या बाईला हे किती लागत असेल विचार कर. ती तुम्हाला सांगणार नाही, ती नुसतं म्हणेल "आता कंटाळा येतो".

तर आधी डोळे तपासून घ्यायला तिच्यासोबत जा. मोतीबिंदू असेल तर त्याच्यावर चांगला उपाय आहे आणि ऑपरेशननंतर बऱ्याच लोकांना रंग पुन्हा नीट दिसायला लागतात. फक्त हे वाढदिवसाचं गिफ्ट म्हणून देऊ नकोस प्लीज, तपासणी ही तपासणीच राहू दे, तिच्या खास दिवसाशी दवाखाना जोडायचा नाही. त्यानंतर येतो दिवा. मशीनला किंवा टेबलाला क्लॅम्पने बसणारा, मान हवी तशी वळणारा दिवा मिळतो, त्यात भिंग असलेले पण येतात. काकू उजव्या हाताने काम करत असेल तर दिवा डावीकडून यायला हवा म्हणजे हाताची सावली सुईवर पडत नाही. भिंगवाला घेतलास तर वापरून झाल्यावर भिंग झाकून ठेवायची सवय लावा, उन्हात उघडं राहिलं तर त्याने खरंच आग लागू शकते. सुयांमध्ये पण वरून खाच असलेल्या सुया मिळतात, दोरा ओवायला लागतच नाही, नुसता खाचेत दाबायचा. छोटी वस्तू आहे पण हातशिलाईला बसणाऱ्या माणसाचा अख्खा दिवस बदलतो. आणि मशीन एखाद्या चांगल्या कारागिराकडून उघडून, साफ करून, तेलपाणी करून घ्या. पायमशीन असेल तर पट्टा सैल पडलाय का बघा, आणि तिचे गुडघे दुखत असतील तर जुन्या मशीनला मोटर बसवून मिळते. नवीन मशीन मात्र तिला न विचारता आणू नका हं. जिच्यावर तिने सगळ्यांचे युनिफॉर्म शिवले ती मशीन तिच्या हाताला माहितीये, नवीन कम्प्युटराईज्ड मशीन बघून ती कौतुक करेल आणि परत कव्हर घालून ठेवेल.

पण शिवणं सुटायचं आणखी एक कारण असतं आणि मला वाटतं एकट्या राहणाऱ्या बाईच्या बाबतीत ते जास्त असतं, ते म्हणजे आता तिला कोणी काही शिवायला सांगतच नाही. मुलं मोठी झाली, कपडे तयार मिळतात, साधं बटण तुटलं तरी आपण "कशाला काकूला त्रास" म्हणून तसंच ठेवतो. आपल्याला वाटतं आपण तिची काळजी घेतोय, आणि तिकडे तिला वाटत असतं की आपली आता गरज नाही. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांसाठी केलंय तिला फक्त घेणारी करून बसवू नका. तुमच्या पुढच्या पिढीत कोणाला शिकायची आवड असेल तर तिला काकूकडे पाठवा, आणि तू स्वतः दोन तयार ड्रेस घेऊन जा, म्हण काकू हे मला ढगळ होतात, कसं उसवायचं आणि कसं घ्यायचं ते दाखव. खरंच होत असतील तेच ने, नाटक नको, तिला ते लगेच कळेल.

आता तिचं "काही नको". हे ऐकून पोरं एकतर खरंच काही आणत नाहीत नाहीतर तिकडे दुर्लक्ष करून मोठी वस्तू आणतात. तू ते वाक्य पूर्ण लिहिलंयस म्हणून बरं झालं, कारण तिने तीन गोष्टी सांगितल्यात, वस्तू नको, जागा नाही, आणि तुम्ही या. यातली पहिली नम्रपणा असू शकेल पण दुसरी आणि तिसरी अगदी सरळ माहिती आहे. या वयात खूप लोक घरातलं सामान कमी करायला लागलेले असतात, आपल्यामागे कोणाला आवराआवर पडू नये म्हणून. अशा वेळी घरात भर घालणारी कुठलीही वस्तू तिला ओझं वाटणार. "तुला काय हवंय" असं विचारू नकोस, त्याचं उत्तर नेहमी नकोच येतं. "काकू, हल्ली कुठलं काम करताना वैताग येतो?" असं विचार, "काय करायचं राहून गेलंय?" असं विचार, आणि समोर बसून विचार, फोनवर नाही.

दोन हजार सोळा साली जेफ गलाक, ज्युलियन गिव्ही आणि एलानोर विल्यम्स या अभ्यासकांनी गिफ्टवरच्या बऱ्याच संशोधनाचा आढावा घेतला होता आणि त्यातून निघालेली गोष्ट मला फार पटते. देणारा माणूस गिफ्ट उघडायच्या त्या क्षणाचा विचार करतो, चेहरा कसा खुलेल, किती आश्चर्य वाटेल, आणि घेणारा विचार करतो की पुढे ही गोष्ट माझ्या किती उपयोगाची. मोठ्या स्क्रीनवरचा व्हिडिओ हे त्या क्षणाचं गिफ्ट आहे. वाईट नाहीये, पण दुसऱ्या दिवशी सगळे गेल्यावर घरात ती एकटी असेल तेव्हा त्यातलं तिच्याकडे काय उरतं हे तुम्ही सगळ्यांनी एकदा विचारात घ्या.

आता तुझा अल्बम. कल्पना चांगली आहे आणि मी ती सोडायला सांगणार नाहीये, पण तो अल्बम कोणाचा होणार ते आधी ठरव. असे अल्बम मी बरेच बघितलेत आणि त्यात बहुतेक वेळा मुलांचे, नातवंडांचे फोटो असतात आणि जिचा वाढदिवस आहे ती कडेला कुठेतरी उभी असते, अर्धी कापलेली. आपण तिला ओळखायला लागलो तिथून तिचं आयुष्य सुरू झालं असं आपल्याला वाटतं. म्हातारपणी मागे वळून बघताना माणसांना साधारण वयाच्या १० ते ३० या काळातल्या आठवणी सगळ्यात जास्त आणि सगळ्यात स्पष्ट येतात, हे मानसशास्त्रात पुन्हा पुन्हा दिसून आलंय. म्हणजे तिची शाळा, मैत्रिणी, पहिली कमाई, लग्न, पहिलं मूल. त्या काळात तू नव्हतीसच, आणि म्हणूनच ते फोटो शोधणं हे तुझं काम आहे. तिच्या भावंडांकडे, माहेरच्या नातेवाईकांकडे, जुन्या मैत्रिणींकडे फोन कर, कोणाच्या तरी पेटीत एखादा ग्रुप फोटो असतोच ज्यात ती १६ वर्षांची आहे आणि जो तिने स्वतः ५० वर्षांत बघितला नाहीये.

आणि हे तिच्यापासून लपवून करू नकोस. फोटो मिळाले की ते घेऊन तिच्याकडे जा, तिच्या स्वतःच्या पेटीतले पण बाहेर काढा, आणि प्रत्येकात कोण आहे ते तिच्याकडून लिहून घे. हे काम फक्त तीच करू शकते, ती नसेल तर ते चेहरे कायमचे अनोळखी होणार आहेत, म्हणून मला या कामाची एवढी घाई वाटते. फोटोच्या मागे पेनने लिहू नकोस, शाई पुढे उमटते, मऊ पेन्सिलने कडेला हलकं लिही. स्कॅन करताना लहान प्रिंट ६०० डीपीआयला (स्कॅनरमधली बारकाईची सेटिंग) कर म्हणजे मोठी करून छापता येते. स्कॅनर नसेल तर खिडकीजवळ, थेट ऊन नसलेल्या जागी फोटो सपाट ठेवून फ्लॅश बंद करून मोबाईलने काढ, चालतं. चिकट पानांच्या जुन्या अल्बममधले फोटो ओढून काढू नकोस, फाटतात, पानासकट स्कॅन कर. जुने रंगीत फोटो आधी कर, त्यातले रंग उडत जातात, कृष्णधवल जास्त टिकतात त्यामुळे ते थोडे थांबू शकतात.

छापताना पण तिचा विचार कर, तुझा नाही. चकचकीत कागदावर दिव्याचा उजेड परततो आणि तिला काही दिसत नाही, मॅट कागद घे. अक्षर १६ पॉईंटच्या खाली नको. आणि जाडजूड मोठं पुस्तक करू नकोस, दुखऱ्या मनगटांनी ते उचलवत नाही, मग ते कपाटावर जातं. मांडीवर राहील एवढं, ३०-४० पानांचं बास झालं. काकांचे फोटो किती घ्यायचे ते तिला ठरवू दे. एखादा फोटो बघून ती गप्प झाली आणि तो बाजूला ठेवला तर का असं विचारू नकोस, तो घ्यायचा नाही एवढंच.

हे सगळं करताना ती बोलेल ना, ते रेकॉर्ड कर. तिला विचारून, मोबाईल समोर ठेवून. मला विचारशील तर या सगळ्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे. एक काळ असा होता की म्हाताऱ्या माणसांचं जुन्यात रमणं हे डोकं काम करेनासं झाल्याचं लक्षण समजायचे, मग १९६३ मध्ये रॉबर्ट बटलर नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने मांडलं की उतारवयात आपल्या आयुष्याकडे परत बघणं, त्याची संगती लावणं हे नैसर्गिक आहे आणि गरजेचं पण आहे. फक्त ऐकणारं कोणीतरी लागतं. न्यूयॉर्कमध्ये २००३ ला स्टोरीकोर नावाचा उपक्रम सुरू झाला, तिथे जवळची दोन माणसं समोरासमोर बसतात आणि साधारण ४० मिनिटं बोलतात, आणि परवानगी दिली तर ते रेकॉर्डिंग अमेरिकेच्या संसदेच्या ग्रंथालयात (लायब्ररी ऑफ काँग्रेस) कायमचं जपलं जातं. तू पण तेवढाच वेळ ठेव, त्याच्यापुढे माणूस थकतं. पंखा बंद, मोबाईल फ्लाईट मोडवर, पडदे-गाद्या असलेली खोली म्हणजे आवाज घुमत नाही. "तुझ्या आयुष्याबद्दल सांग" असं विचारलंस तर ती म्हणेल काय सांगायचं त्यात. त्यापेक्षा बारीक विचार. पहिल्या शिलाईच्या पैशांचं काय केलंस, मशीन कोणी घेऊन दिली, शिवायला कोणी शिकवलं, रागावून कोणाशी बोलणं टाकलं होतंस का कधी. आणि विचारलं की गप्प बस. ती थांबली तरी लगेच पुढचा प्रश्न नको, बऱ्याचदा खरी गोष्ट त्या थांबण्यानंतर येते. "आठवतंय का तुला?" असं सारखं विचारू नकोस, नाही आठवलं तर परीक्षेत नापास झाल्यासारखं वाटतं, तूच आधी सांग की या फोटोत तू आणि तुझी बहीण आहात, मग ती पुढे नेते.

घरात काकांच्या आवाजाची एखादी जुनी कॅसेट असेल तर ती पण शोधून ठेव. वाजवायच्या आधी वरच्या कडेच्या दोन्ही छोट्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या मोडून टाक म्हणजे चुकून त्यावर रेकॉर्ड होणार नाही, आणि टेप नाजूक वाटली तर घरी प्रयोग न करता जाणकाराकडे दे. पण तो आवाज भर कार्यक्रमात सगळ्यांसमोर लावू नका, कळकळीने सांगते. ते तिला एकटीला, तिला हवं तेव्हा ऐकू दे.

दादाच्या स्मार्टवॉचबद्दल. त्याची भीती खरी आहे आणि तो प्रेमापोटीच म्हणतोय, पण ते गिफ्ट त्याच्या काळजीसाठी आहे, काकूच्या आनंदासाठी नाही, आणि वाढदिवसाला "तू पडशील" असं मनगटाला बांधून देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय ते रोज नाहीतर एक-दोन दिवसाआड चार्ज करावं लागतं, सेट कोणीतरी करून द्यावं लागतं, प्रत्येक वेळी पडलेलं त्याला कळतंच असं नाही आणि कधी कधी न पडताच अलार्म वाजतो. घ्यायचं असेल तर नंतर, वेगळ्या दिवशी, तिच्याशी बोलून, तिने हो म्हटलं तर. तोपर्यंत दादाने बाथरूममध्ये धरायला दांडा बसवावा आणि रात्री उठते त्या वाटेवर छोटा दिवा लावावा, पडणं त्यानेच जास्त टळेल.

पार्टीचं म्हणशील तर तिच्या मुलीला करू दे, पण सरप्राईज नको. एकट्या राहणाऱ्या बाईला त्या दिवशी सगळे विसरले असं काही तास वाटू देणं मला बरोबर वाटत नाही, आणि कोणत्या कपड्यात लोकांसमोर जायचं हे तिचं तिला ठरवता यायला हवं. वयानुसार वरच्या पट्टीतले आवाज आधी ऐकू येईनासे होतात, त्यामुळे गाणी लावलेल्या खोलीत २५ माणसं बोलायला लागली की शब्द सुटे कळत नाहीत, मग ती नुसतं हसून मान हलवत बसते आणि आपल्याला वाटतं मजा येतीये. कमी माणसं बोलवा, मागे गाणी नकोत, तिच्या शेजारची खुर्ची रिकामी ठेवा म्हणजे एकेक जण येऊन नीट बोलू शकेल. व्हिडिओ करायचाच असेल तर तो आटोपशीर ठेवा आणि प्रत्येकाने "हॅपी बर्थडे" म्हणण्याऐवजी तिने त्याच्यासाठी केलेली एक नेमकी गोष्ट सांगावी.

पैशाचं तर सोपं आहे. दिवा, मशीनची दुरुस्ती आणि छपाई याचा खर्च ज्यांना जमतंय त्यांनी वाटून घ्यायचा आणि कोणी किती दिले ते ग्रुपवर टाकायचं नाही. धाकट्याकडे सध्या वेळ आहे, फोटो गोळा करणं, स्कॅनिंग, रेकॉर्डिंग नीट नावं देऊन तीन ठिकाणी सेव्ह करणं हे सगळ्यात मोठं काम त्याने घ्यावं, आणि त्याला हे मेहरबानी केल्यासारखं सांगू नका कारण या कामाशिवाय गिफ्टच होणार नाहीये. अल्बमवर नाव घालायचं तर सगळ्यांचं सारखं.

राहिलं तिचं "तुम्ही या". याला उत्तर म्हणून कूपन-बिपन छापू नका, "कधीही हाक मार" असं लिहिलेलं कूपन कोणी वापरत नाही, हाक मारायला तिलाच संकोच वाटतो. सगळ्यांनी मिळून पुढच्या वर्षाचं मोठ्या आकड्यांचं कॅलेंडर घ्या आणि प्रत्येकाने आपापल्या तारखा आत्ताच लिहा, नावासकट, येणार त्याच दिवशी येणार. लांब राहणाऱ्याने फोनची वेळ लिहावी. जेवढं खरंच जमेल तेवढंच लिहा, तिथे लिहून आला नाहीत तर ती दिवसभर वाट बघेल.

दोन महिने आहेत, पण फोटो यायलाच महिना जाईल. तर या आठवड्यात आधी काकूच्या मुलीला फोन कर, मुलीच्या नात्याने तिला हे सगळं सगळ्यात आधी कळायला हवं, व्हॉट्सअॅप ग्रुपवर नाही. मग पहिल्या सुट्टीच्या दिवशी ते ढगळ ड्रेस घेऊन काकूकडे जा आणि मशीनवर काय ठेवलंय ते बघ.